सदतीस अंशांवर

उदगीरच्या पशुवीर्य प्रयोगशाळेत
मी अकरा वर्षं थेंब बघतो.
काच आधी कोमट करायची, सदतीस अंशांवर.
गार काचेवर जीव धक्क्यानंच मरतो.
मग डोळा लावायचा.
पोळ्याच्या सांजेला वेशीत घुसतो
तसा सगळा गोंधळ, शेपट्या, रेटारेटी.

तेरा नंबरचा देवणी शेवेरा वाणाचा,
अंगावर शाई उडाल्यासारखे डाग,
म्हणून गफूरमामू त्याला मुनीम म्हणतात.
यंदा वैशाखात मुनीमच्या थेंबात
निम्मेशिम्मे जागीच गरगरत होते.
जेवळीकर डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
नुसतं ऊन नाही हे, आतली धग आहे.
ज्या प्राणवायूवर जगायचं तोच उलटतो कधी,
पेशीवरची साय करपवतो.
ती धग विझवणारी विकरं असतात अंगात:
डिसम्युटेज, कॅटालेज, पेरॉक्सिडेज.
मामू म्हणाले, कुठल्या गावच्या हो या बाया?
बाई हसल्या. गाव ठाऊक नाही,
पण एकीला तांबं-जस्त लागतं, एकीला लोखंड,
तिसरी सेलेनियमशिवाय कामाला हात लावत नाही.

किती लागतं?
चिमूट. चिमटीचीही चिमूट.
जास्त झालं तर तेच विष.
आपल्या काळ्या रानात जस्त आहे, म्हणाल्या,
पण माती मूठ सोडत नाही.
कडब्यात उतरणार कुठून?

साठ दिवस पेंडीतून भुकटी.
मी काट्यावर मोजायचो, मामू चारायचे.

आता खरं सांगतो.
सहा वर्षं सत्यशीलाला घेऊन
लातूर, बिदर, एकदा हैदराबाद.
तिच्या नळ्या, तिच्या गाठी, तिचं रक्त.
फाईल जाड होत गेली, वर नाव तिचंच.
आईनं तिला बारशाला न्यायचं बंद केलं.
मी खाली मान घालून मोटारसायकल चालवली.
मी, ज्याला तेरा नंबर, सोळा नंबर,
कुणाचंही खरंखोटं एका डोळ्यात कळतं.

ज्येष्ठातला रविवार होता. वीज होती.
मामू असरच्या नमाजाला गेलेले.
काच कोमट केली.

वेशीत कुणीच नव्हतं.
लांब कोपऱ्यात दोन-चार,
त्यातला एक एकाच जागी गोल फिरत होता.
त्याच्याकडे मी किती वेळ बघत बसलो.
सवयीनं हात रजिस्टरकडे गेला.
चलनशीलता: अत्यल्प. शेरा: पुन्हा तपासा.
वळूचा क्रमांक.
तिथं पेन थांबलं, मग पानच फाडलं.

घरी सांगितलं तेव्हा ती कारळं भाजत होती.
ओरडेल वाटलं. तिनं गॅस बारीक केला.
"बैलाला काय देतेत?"
मी सांगितलं.
"किती दिवस?"
त्याला साठ. माणसाला नव्वद धरायचे.
पण होईलच असं काही...
"मला कोण म्हणलं सहा वर्षं, होईलच म्हणून?"
कारळं तडतडली. एक तिच्या मनगटावर उडालं,
तिनं ते झटकलं नाही.
"आधी फाईलवर तुमचं नाव घाला."

घातलं. लातूरच्या डॉक्टरनं रक्त घेतलं,
गोळ्या दिल्या, तंबाखूची डबी
टेबलावर काढून ठेवायला लावली.
बैलाची भुकटी खाल्ली का, हेही विचारलं.
मी नाही म्हणालो. एकदा खाल्ली होती,
जिभेवर नाण्यासारखी लागली.

मुनीम बावन्न टक्क्यांवर आलाय.
मामूंनी त्याच्या शिंगाला तेल लावलं.
माझा आज एकोणिसावा दिवस.
ताटात रोज कारळाची चटणी असते,
त्याबद्दल आम्ही बोलत नाही.

आईला अजून सांगितलेलं नाही.
सत्यशीला म्हणते, ते काम माझं नाही.